एकशे सत्तावीसची बाकी

माझ्या बहिणीच्या भागाकारांच्या वहीत एकशे सत्तावीससमोर जी बाकी लिहिली होती, ती खोटी होती. अक्षर तिचं होतं, खोटेपणा माझा. गेल्या वर्षापर्यंत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. आता सांगून झालंच आहे, तर नीट लिहून ठेवतो.

घाटकोपरला भटवाडीच्या वर, डोंगराच्या उतारावर आमची खोली होती. बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. संप झाला, गिरणी उघडलीच नाही, आणि बाबा घरी बसले त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. आईला संधिवात, तो संपाच्याही आधीपासून. सकाळी तिची बोटं उघडायलाच अर्धा तास लागायचा. म्हणून ताई दहावी झाल्यावर घरी राहिली. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. शाळेत गणितात तिच्या जवळपासही कोणी नसायचं. मी मुलुंडच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि पहिल्या वर्षाचा गणिताचा एक नापास झालेला पेपर माझ्या मानेवर तसाच होता. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नसे.

एकदा आमच्या गणिताच्या सरांनी तास संपता संपता फळ्यावर ७३९ लिहिलं. ही मूळ संख्या, म्हणाले, एक आणि ती स्वतः सोडली तर हिला कशानेच भाग जात नाही. मग त्यांनी नऊ पुसला. राहिले ७३, तीही मूळ. तीन पुसला. राहिले ७, तीही मूळ. शेवटून कितीही अंक पुसा, उरतं ते मूळच. अशी किती लांब संख्या मिळेल, बघा घरी जाऊन. बेल झाली, आम्ही विसरलो. संध्याकाळी चहा पिताना काहीतरी बोलायचं म्हणून मी हे ताईला सांगितलं.

आमच्याकडे पाणी दुपारी साडेतीनला यायचं. तीनपासून हंडे-कळशा लावून बायका नळापाशी बसायच्या. दुसऱ्या दिवशी ताई तिथे बसूनच मनात भाग लावत होती. मी कॉलेजातून आल्याबरोबर म्हणाली, सरांना सांग, पुढे तीन लाव. ७३९३. आणि त्याच्यापुढे नऊ.

पुढे तिला थांबवायला कोणी नव्हतं. दुपारी आई झोपली की ती जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी घेऊन बसायची. शेवटी १, ३, ७ किंवा ९ यांतलाच अंक लावता येतो, बाकीच्यांना दोन नाहीतर पाच खातात, हे तिचं तिनेच ताडलं. एखादी संख्या मूळ आहे की नाही बघायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. प्रत्येक वेळी काही ना काही बाकी उरलीच पाहिजे. कुठेही शून्य आलं की खेळ खलास. मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या जाड पुस्तकातून मूळ संख्यांची यादी तिला उतरवून आणून दिली. तेवढं एक काम मी प्रामाणिकपणे केलं, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे असं नोंदवण्यासारखं फारसं काही नाही.

७३९३९. ७३९३९१. ७३९३९१३. प्रत्येक भागाकाराचा ती ताळा करायची. बाबांनी तिला लहानपणी शिकवलं होतं तसा, अंकांची बेरीज करून, नऊ टाकून. ताळा जमला की बाकी वहीत उतरवून समोर छोटीशी बरोबरची खूण. आठ अंकी संख्येला हजाराच्या वर भागाकार लागले. गणपतीत बसली ती होळीच्या सुमारास उठली. ७३९३९१३३. एकाही भागाकारात शून्य नाही.

नळावर तिची चेष्टा व्हायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, "अगो, नळ आला, बाकी मागाहून काढ." ती हसायची आणि हंडा पुढे सरकवायची. बाबा मात्र ओट्यावर बसून तिच्या पाठीमागून कागदात डोकावत. त्यांना भागाकारातलं कळायचं. साच्यावर उभं राहून राहून त्यांना संख्यांची सवय होती, आणि आता हाताला काम नव्हतं. मला आठवतं, एकदा मी अभ्यासाला बसलो होतो आणि ते मला म्हणाले, "तिचा बघ जरा, काय सरळ काम आसा." माझ्या पुस्तकाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी सरांना ताईबद्दल सांगितलं. सर चांगले होते. म्हणाले, आठ अंक हाताने? दहावी झालेली मुलगी? आण तिला एकदा. मी घरी आलो आणि बाबांसमोर हे बोललो. ताईने बाबांना विचारलं, सरांनी सांगितलं तर मी अकरावीला जाऊ का? बाबांनी आईकडे बघितलं. म्हणाले, मी घरातच बसलोय, तुझ्या आईचा मी बघीन. पण सरांनी सांगूक व्हया, हिच्यात काय तरी आसा म्हणून. उगाच नको.

तिने तेव्हाच आठ अंकांची वही घेऊन जायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं, चल उद्याच. पण तिला वाटलं, अकरावीचं मागायला जायचं तर हातात आणखी काही हवं. नऊ अंक. नऊ अंक नेले की बाबांना शंका राहणार नाही, सरांनाही.

शेवटी १ किंवा ७ लावला की तीनने भाग जातो, हे तिने अंकांची बेरीज करून एका क्षणात सांगितलं. राहिले ३ आणि ९. आधी तीनवाली घेऊ म्हणाली. ७३९३९१३३३. हिच्यासाठी सत्तावीस हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लागणार होत्या, म्हणजे जवळजवळ तीन हजार भागाकार. तेव्हा तिने पहिल्यांदा माझी मदत मागितली.

"सुरुवातीच्या दोनशे तू कर," ती म्हणाली. "लहान आहेत, पटापट होतील. पडायची असेल तर बहुतेक तिथेच पडेल. त्या पार झाल्या की मग मी बसते. आणि तुझ्या मी परत नाही हां बघणार. विश्वासावर."

कामाची वाटणी कशी झाली होती ते नीट समजून घ्या, कारण माझा गुन्हा त्यातच आहे. माझ्या कागदावर शून्य आलं तर तिला पुढचं काहीच करावं लागणार नव्हतं. माझ्या कागदावर शून्य नसेल, तरच ती बसणार होती.

मी पहिल्या तीस खरोखर केल्या. ताळ्यासकट. तिसावी एकशे तेरा, तिची बाकी पंधरा. ती मला अजून पाठ आहे. तो रविवार होता आणि खाली मैदानात आमच्या चाळीची मॅच होती. मित्र दाराशी येऊन गेला, येतोस ना, एक गडी कमी आहे. मी कागद उशीखाली सारला आणि गेलो. संध्याकाळी परत कागद काढला. पुढची एकशे सत्तावीस. मी तिच्यासमोर एकोणीस लिहिलं. भाग लावलाच नाही. एकोणीस ही बाकी दिसायला बरी होती, भाजकापेक्षा लहान. समोर ताळ्याची खूण केली. मग एकशे एकतीस, मग एकशे सदतीस. दोनशेव्या संख्येपर्यंत मी अशाच बाक्या लिहीत गेलो. तासाभरात झालं. मुद्दाम पंधरा दिवस थांबून कागद तिला दिला, म्हणजे खरं वाटावं.

आळस, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. आळस होताच. पण आळशी माणूस म्हणतो, मला नाही जमत, तूच कर. ती हसून करत बसली असती. मी तसं म्हटलं नाही, कारण मला ते म्हणायचं नव्हतं. बीएस्सीला मी होतो. आणि माझ्या हातून भागाकारही होत नाहीत असं दहावी झालेल्या बहिणीला सांगायचं? शिवाय त्याच्याही खाली काहीतरी होतं. बाबा जेव्हा म्हणाले ना, तिचा बघ जरा, तेव्हापासून ते होतं. तिचं बिघडावं असं मला वाटत होतं का? नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

तिने माझे दोनशे आकडे एका नव्या लांब वहीच्या पहिल्या पानावर, उभ्या रकान्यांत, सुंदर अक्षरात उतरवून घेतले आणि पुढे बसली. नऊ महिने. रोज दुपारी दहा-बारा भागाकार. आईचं पथ्य, धुणं, पाणी, मग भागाकार. आईची बोटं चोळताना ती मनात पाढे म्हणायची, ओठ हलताना दिसायचे. मी समोर बसून चहा प्यायचो. त्या नऊ महिन्यांतल्या कुठल्याही दिवशी मी म्हणू शकलो असतो, ताई, माझे परत बघ. एकदा मी तिची वही उघडून एकशे सत्तावीसचा भाग खरोखर लावायला घेतला होता. पहिले तीन अंक झाले आणि मी वही मिटली. शून्य आलं तर काय करायचं, हे मला ठरवता येईना. न बघणं सोपं होतं.

शेवटचा भागाकार झाला त्या दिवशी तिने घरात शिरा केला. म्हणाली, आता सरांना विचार, कधी येऊ.

आम्ही तिघं गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताईने वही पिशवीत घेतली होती आणि पिशवी छातीशी धरली होती. सरांनी खुर्च्या दिल्या, वही चाळली, पानं उलटत गेले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. बाबांना म्हणाले, तुम्ही हिला पुढे का शिकवलं नाहीत? बाबा खाली बघत म्हणाले, घरची अडचण. सर म्हणाले, बघू आपण, प्रिन्सिपलांशी बोलतो.

एवढं झालं होतं. तिथेच उठून आलो असतो तर. पण त्या वर्षी कॉलेजात एक कॉम्प्युटर आला होता. एका वेगळ्या खोलीत, पडदे लावलेल्या, चपला बाहेर काढून आत जायचं. सरांना स्वतःलाच कौतुक होतं त्याचं. म्हणाले, चला, गंमत बघू, तुझे नऊ महिने हा किती वेळात करतो. खुशीतच म्हणाले ते. दोन-चार ओळी टाइप केल्या. संख्या टाकली; कशाने भाग गेला तर तो भाजक पडद्यावर येणार होता. ताई वाकून बघत होती, तिलाही उत्सुकता.

बटण दाबलं आणि पडद्यावर १२७ आलं.

सरांना वाटलं, टाइप करताना काही चुकलं. परत केलं. परत १२७. मग ते ताईला म्हणाले, बाळ, तू फळ्यावर एकदा करून दाखव बरं. तिने खडू घेतला. सातशे एकोणचाळीसमधून पाच वेळा. एकशे चार उरले, तीन उतरवला. तिचा हात सराईत होता, कुठेही अडला नाही. तिची पाठ आमच्याकडे होती. मी आकडे बघत नव्हतो, तिच्या वेणीकडे बघत होतो. शेवटी अकराशे त्रेचाळीस उरले. एकशे सत्तावीस नव्वे अकराशे त्रेचाळीस. तिने खाली शून्य लिहिलं आणि खडू ठेवला.

सर वहीतलं ते पान काढून बघत होते. एकशे सत्तावीस, बाकी एकोणीस, ताळ्याची खूण. ताईचं अक्षर. ते काही रागावले नाहीत. म्हणाले, होतं असं. पण पहिल्याच पानावर चूक म्हटल्यावर बाकीच्याचं काय सांगायचं, पुन्हा सगळं तपासावं लागेल. मग घड्याळाकडे बघितलं. प्रिन्सिपलांचा विषय पुन्हा निघाला नाही. आठ अंकांची वही पिशवीतच राहिली, ती कोणी मागितली नाही आणि तिने काढली नाही.

"बाकी लिहिताना माझंच चुकलं असेल, सर," ताई म्हणाली.

मी तिच्या शेजारी उभा होतो.

घरी आल्यावर बाबांनी शर्ट काढून खुंटीला लावला आणि एवढंच म्हणाले, "झाला मां समाधान?" कठोरपणे नव्हे. थकून म्हणाले. त्यांनाही काहीतरी हवं होतं त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आई झोपल्यावर, ताईने मला विचारलं, तुझा तो मूळ कागद आहे का रे? बघू तरी, तू काय लिहिलं होतंस. कागद माझ्या पुस्तकात होता. मी म्हणालो, टाकला. आणि मग, तिने काही विचारलं नसताना, पुढे बोललो: "उतरवताना इकडचं तिकडे झालं असेल तुझ्याकडून. ओळ चुकते माणसाची."

तिने मान हलवली. "हो, तसंच असणार," म्हणाली.

कागद मी त्याच संध्याकाळी फाडला. खोटी बाकी लिहिली ती एक वेळ पोरकटपणात टाकता येईल. हे वाक्य नाही टाकता येत. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि काय बोलतोय ते मला पुरतं कळत होतं.

पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, दहिसरला दिलं. मधल्या काळात ही गोष्ट आमच्या सगळ्या नातेवाइकांत पसरली. ताईने नऊ महिने गणित केलं आणि मशिनने एका सेकंदात पाडलं. चुलतभाऊ तिला एकशे सत्तावीसच म्हणू लागले. लग्नात उखाण्याच्या वेळी कोणीतरी ओरडलं, नीट मोज गं, नवरा एकच आहे ना. सगळे हसले. मीही हसलो. चाळीस वर्षं ती चेष्टा चालली आणि दर वेळी मी हसलो, कारण मी हसलो नसतो तर कोणीतरी विचारलं असतं, तुला काय झालं?

नोकरीत असताना कधीतरी एका पुस्तकात मला तिची संख्या भेटली. ७३९३९१३३. शेवटून अंक पुसत गेलं तरी मूळच राहणाऱ्या संख्यांत ही सगळ्यात मोठी. हिच्यापुढे एकही नाही. तीन लावा, नऊ लावा, काहीही लावा, पडतेच. म्हणजे त्या होळीला नळावर हंडा घेऊन बसणारी माझी बहीण त्या रस्त्याच्या अगदी टोकाला जाऊन पोचली होती, आणि तिला ते माहीत नव्हतं. नववा अंक कोणालाच मिळणार नव्हता. मी माझं काम केलं असतं तर शून्य त्याच रविवारी आलं असतं, तिने नऊवालीही संख्या कधीतरी पाडली असती, आणि आठ अंकांची खरी वही घेऊन ती सरांकडे गेली असती. पुस्तक मी लायब्ररीत परत केलं. तिला फोन केला नाही.

गेल्या वर्षी तिच्या नातीचं बारसं होतं. जेवणं चालू होती, चुलतभावाने पानावरूनच विचारलं, बाळ किती वाजता झालं? दुपारी, दीडच्या आधी, कोणीतरी सांगितलं. तो म्हणाला, "एक सत्तावीसला नाही ना?" हशा झाला. तिची सूनही हसली, तिला काही माहीत नसताना. ताई भात वाढत होती.

मी म्हणालो, "ती चूक हिची नव्हती. माझी होती. मी भागाकार केलेच नव्हते, खोट्या बाक्या लिहून दिल्या हिला."

हशा लगेच थांबला नाही. अर्ध्या जणांना ऐकू गेलं नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला, "अरे सोड ना यार, चाळीस वर्षं झाली, जेव." कोणीतरी मठ्ठा मागितला. एवढंच झालं. मला वाटत होतं आभाळ कोसळेल, आणि इथे मठ्ठा फिरत होता. ताईने माझ्या पानात भात वाढला, नेहमीएवढाच, आणि पुढच्या पानाकडे गेली.

पाहुणे पांगल्यावर ती स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. तिने वळून न बघता विचारलं, "किती केले होतेस खरे?"

"तीस."

"म्हणजे एकशे तेरापर्यंत." तिने पातेलं पालथं घातलं. "आणि पुढचीच."

मी हो म्हणालो. मग पुस्तकात वाचलेलंही सांगितलं, आठ अंकांचं, ती सगळ्यात मोठी आहे ते. मला वाटलं, याने काहीतरी भरून निघेल. ती थांबली, ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

"हे कधी वाचलंस?"

"झाली वीसेक वर्षं."

"वीस वर्षं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मुलं शाळेत होती माझी तेव्हा. दोघांनाही गणिताला क्लास लावले. हे म्हणायचे, तू घे ना घरी, तुला येतं. मी म्हणायचे नको, माझ्याकडून उतरवताना चुकतं."

मी माफी मागितली. शब्द काय वापरले ते लिहीत नाही, ते कोणत्याच उपयोगाचे नव्हते. तिने ऐकून घेतलं. मग टेबलावरचा पोळ्यांचा डबा उचलून माझ्या हातात दिला, घरी घेऊन जा म्हणाली, उरल्यात. मला वाटतं, मी जावं एवढाच त्याचा अर्थ होता. मी डबा घेतला आणि निघालो. दारापर्यंत ती आली नाही.

त्यानंतर सहा महिने झाले. आम्ही फोनवर बोलतो, तब्येतीचं, नातीचं. गणिताचं ती काढत नाही आणि मला तो हक्क राहिलेला नाही. सुनेकडून कळलं की नऊ अंकांची ती जुनी वही तिने कपाटातून काढली आणि पहिलं पान फाडलं. फक्त पहिलं. उरलेल्या पानांवर तिचे स्वतःचे अडीच-पावणेतीन हजार भागाकार आहेत, आणि ते, मला खात्री आहे, सगळे बरोबर आहेत.